जिप्समच्या पार्टिशनमध्ये स्टड शोधायचाय? लोहचुंबक, स्टड फाइंडर की नुसतं ठोकून बघायचं

टीव्ही किंवा शेल्फ लावायचंय आणि भिंत ठोकली की पोकळ आवाज येतोय, म्हणजे आत जीआयचे (गॅल्वनाइज्ड लोखंडाचे) पातळ पत्र्याचे उभे स्टड, म्हणजे बोर्डाला आधार देणारे खांब, आणि त्यावर साडेबारा एमएमचा जिप्सम बोर्ड. आपल्याकडच्या ऑफिस-फ्लॅटच्या पार्टिशनमध्ये बहुतेक वेळा असंच असतं. वजन घ्यायचं तर स्क्रू स्टडमध्येच बसला पाहिजे, नुसता बोर्ड कालांतराने चुरा होऊन सोडतो.

ठोकून बघणं फुकट आहे, पण खरं सांगायचं तर यावर ड्रिल मारू नका. पोकळ आणि भरीव यातला फरक कळतो पण तो अंदाजाने, आणि आत ग्लासवूल (आवाज अडवणारा काचेच्या तंतूंचा कापूस) भरलेलं असेल तर तोही नीट कळत नाही. साधारण कुठे शोधायचं एवढं ठरवायला ठीक.

माझं मत विचाराल तर आधी लोहचुंबक. छोटं निओडिमियमवालं घ्या, फ्रीजवरचं नको. बोर्ड स्टडला स्क्रूने लावलेला असतो आणि स्क्रूचं डोकं पुट्टीच्या अगदी खाली असतं, त्यामुळे भिंतीवर हळूहळू फिरवलं की एका जागी खेचल्यासारखं होतं, तिथे पेन्सिलने टिंब करा. एकाच टिंबावर विश्वास ठेवू नका, त्याच्या बरोबर वर-खाली अजून दोन-तीन सापडले तर तो स्टड. आणि दोन उभ्या रांगा अगदी जवळजवळ सापडल्या तर तो दोन बोर्डांचा जोड आहे, स्टडचा मध्य त्या दोघांमध्ये. पुढचा स्टड बहुतेक ६१० एमएमवर म्हणजे दोन फुटांवर मिळतो कारण बोर्ड चार फुटी असतो, पण काही ठिकाणी ४०० वरही असतात आणि दाराजवळ तर अंतर बदलतंच, म्हणून टेपने मोजून झालं तरी चुंबक परत फिरवा.

स्टड फाइंडर, म्हणजे भिंतीवर फिरवून आतला स्टड दाखवणारं छोटं यंत्र? एकदाच एक टीव्ही लावायचा असेल तर मी नाही घेणार. भिंत ओली, वॉलपेपर किंवा टाइल असेल तर स्वस्तातलं गडबडतं, आणि चालू करताना चुकून स्टडवरच ठेवलं तर सगळं उलटं दाखवतं. घ्यायचंच असेल तर मेटल मोड आणि लाइव्ह वायर दाखवणारं घ्या. वायर हाच त्याचा खरा फायदा आहे, चुंबकाला वायर कळत नाही. स्विचबोर्डच्या बरोबर वर-खाली तर कुठल्याही पद्धतीने सापडलं तरी ड्रिल मारू नका आणि काम करताना एमसीबी बंद ठेवा. फाइंडरने स्टडच्या दोन्ही कडांवर खूण करून मधोमध धरायचं, एकाच कडेवर भरोसा नको.

शेवटी खात्री म्हणजे दोन एमएमचं बारीक भोक, ब्रॅकेटच्या मागे लपेल अशा जागी. पांढरी पावडर येऊन ड्रिल सटकन आत गेलं तर पोकळ, अडलं आणि चकाकता पत्र्याचा चुरा आला तर स्टड.

अमेरिकेतल्या घरात असाल तर तिकडे स्टड बहुतेक लाकडाचे आणि १६ इंचावर, तिथे चुंबक फक्त स्क्रू किंवा खिळ्यालाच ओढतं.

आणि एक, जीआयचा पत्रा पातळ असतो, हात बाहेर येणारा मोठ्या टीव्हीचा ब्रॅकेट नुसत्या त्यावर टांगू नका, मागे प्लाय घालून घ्या किंवा सरळ विटेची भिंत शोधा.