सत्तर पैसे की चौऱ्याहत्तर रुपये: मासिक, पुस्तकं आणि टपालाचे दर

आमच्या मासिकाचा अंक रॅपरसकट १४० ग्रॅम भरतो. नोंदणीकृत नियतकालिकाच्या दरानं तो ७० पैशांत जातो: १०० ग्रॅमपर्यंत ५० पैसे, पुढच्या १०० ग्रॅमना २० पैसे. तोच अंक स्पीड पोस्टानं २०१ ते ५०० किलोमीटरच्या टप्प्यात पाठवला, तर १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरानं ६३ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७४ रुपये ३४ पैसे. अंक तोच, दारात येणारा पोस्टमनही बहुधा तोच. ६०० वर्गणीदार धरा: एकीकडे ४२० रुपये, दुसरीकडे ४४,६०४.

नवीन मासिक काढणारे किंवा छोटं प्रकाशन सुरू करणारे फोन करून पहिला प्रश्न विचारतात, ‘स्वस्त काय पडेल?’ मी उलट विचारतो, तुम्ही छापताय काय आणि किती दिवसांनी? टपालखात्यात वजनाचा काटा नंतर येतो. आधी तुमचं बाड कुठल्या खान्यात बसतं ते पाहिलं जातं.

सत्तर पैशांचा दर मागून मिळत नाही. आधी नियतकालिकाची सरकारी नोंदणी (पूर्वी आरएनआय म्हणजे वृत्तपत्र निबंधकांकडे, मार्च २०२४ पासून प्रेस महानिबंधकांकडे), मग टपालखात्याची वेगळी नोंदणी आणि तिचं ठरावीक मुदतीनं नूतनीकरण. किमान ५० खरे वर्गणीदार यादीत हवेत. अंकावर टपाल नोंदणी क्रमांक छापायचा, आणि पोस्टिंगचं ठिकाण व तारखा ठरलेल्या. आमच्या ५ आणि ६. एकदा बाइंडरकडची वीज गेली आणि अंक सहाच्या संध्याकाळी पाचला हातात आले. पिनकोडप्रमाणे गठ्ठे लावून, सुतळी बांधून आम्ही रिक्षातून खिडकीवर पोचलो तेव्हा आतला माणूस टेबलावरचे शिक्के गोळा करत होता. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि पोती आत घेतली. प्रत्येक वेळी असा माणूस भेटेलच असं नाही.

आणि अंक हरवतात. साध्या टपालाला ट्रॅकिंग नाही. दर महिन्याच्या पंधरा तारखेनंतर ‘अंक आला नाही’ असे फोन सुरू होतात. समजा ६०० पैकी ३० जणांना नाही मिळाला. त्या तिसांना स्पीड पोस्टानं दुसरी प्रत पाठवली तरी खर्च सव्वादोन हजारांच्या आतबाहेर. मूळचे ४२० मिळवून २,६५० होतात. म्हणून मासिकवाल्यांना माझा सल्ला ठरलेला आहे: नोंदणी करा, पन्नास प्रती जास्त छापा आणि तक्रार करणाऱ्याशी वाद न घालता दुसरी प्रत पाठवा. सगळेच अंक स्पीड पोस्टानं पाठवायचे तर वार्षिक वर्गणी ५०० रुपये असलेल्या मासिकाचा अंक पडतो जेमतेम ४२ रुपयांना, आणि टपाल ७४ ला. घोडं दोन पैशांचं, लगाम चार पैशांचा. नव्या घाऊक ग्राहकाला स्पीड पोस्टावर पाच टक्के सूट मिळते, पण हे गणित पाच टक्क्यांनी सुटणारं नाही.

त्रैमासिकवाल्यांची मात्र खरी पंचाईत. १८९८ च्या टपाल कायद्यानुसार या सवलतीसाठी दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नसे. स्वतंत्र दिवाळी अंकही त्यामुळेच बाहेर. एका संपादकांना मी सुचवलं होतं की एका जाड त्रैमासिकाचे, दर महिन्याला एक असे, तीन पातळ अंक करा, शंभर ग्रॅमच्या आत ठेवा, तिघांचं टपाल दीड रुपया. त्यांनी मान हलवली आणि अजून त्रैमासिकच काढतात. वर्षाला बारा संपादकीयं लिहायची कुणी?

पुस्तकांचा हिशेब वेगळा, आणि गेल्या काही काळात तो बराच ढवळला गेला. खाकी पाकिटाचं एक टोक उघडं ठेवून ‘बुक पोस्ट’ लिहायची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली. नवे टपाल विनियम डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाले आणि ती सेवा बंद झाली. प्रकाशकांनी ओरड केली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५०० ग्रॅमपर्यंत २५, किलोपर्यंत ३५, दोन किलोपर्यंत ५०, आणि असं करत पाच किलोला १००, कर वेगळा. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, पण ट्रॅकिंग आहे, आणि गावातल्या ग्राहकाला ‘कुठवर आलं’ हे सांगता येणं ही छोटी गोष्ट नाही. अटी मात्र नीट वाचा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं चालतात. ठरावीक काळानं निघणारी नियतकालिकं चालत नाहीत, व्यावसायिक जाहिराती असलेला मजकूर चालत नाही, आणि पाकिटावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव लागतं. म्हणजे जाहिरातींवर उभा असलेला दिवाळी अंक इथूनही परत.

कुरिअरबद्दल थोडक्यात. शहरातल्या शहरात, मोठा आकडा असेल, तर भाव करता येतो आणि माल उचलायला माणूस येतो. पण आमचे निम्मे वाचक तालुक्याच्या पुढे राहतात. तिथे कुरिअरवाला फोन करून ‘स्टँडवर येऊन घेऊन जा’ म्हणतो. देशभर दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत. त्या पसाऱ्याशी स्पर्धा करायची ऐपत अजून तरी कुणाची दिसत नाही.

पतसंस्था आणि सोसायट्यांचे सचिवही हे वाचत असतील, म्हणून एक गोष्ट. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. पूर्वी वीस ग्रॅमची नोटीस करासह २६ रुपयांत जायची. आता स्थानिक १९ अधिक नोंदणीचे ५, करासह २८ रुपये ३२ पैसे; गावाबाहेर ४७ अधिक ५, म्हणजे ६१ रुपये ३६ पैसे. सभासद गावातलेच असतील तर फारसा फरक नाही. मुंबईला गेलेल्या थकबाकीदारांची यादी लांब असेल, तर यंदाच्या अंदाजपत्रकात टपालाचा आकडा दुपटीहून वर धरा.

आणि तो आकडा पक्का समजू नका. पत्रं, नियतकालिकं यांच्या दरांची कमाल मर्यादा जुन्या कायद्याच्या परिशिष्टातच असायची, ती वाढवायची तर संसदेपर्यंत जावं लागे. २०२३ च्या नव्या कायद्यानं हे काम टपाल महासंचालकांच्या विनियमांवर सोपवलं. बदल आता चटकन होतात, हे वरच्या तारखांवरून दिसतंच. म्हणून पाच वर्षांची वर्गणी एकरकमी घेताना आम्ही टपालखर्च त्यात धरणं सोडून दिलं.

पुस्तकवाल्यांनी एक करावं: कागद ठरवण्याआधी डमी, म्हणजे कोऱ्या पानांची नमुना प्रत, बांधून, वेष्टनासह काट्यावर ठेवावी. ५१० ग्रॅम भरली तर ३५ रुपये, ४९५ भरली तर २५. हजार प्रती टपालानं जाणार असतील तर तेवढ्या पंधरा ग्रॅमचे दहा हजार होतात, आणि ऐंशीऐवजी सत्तर जीएसएमचा (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम भरणारा) कागद घेतला तर ते ग्रॅम सहज निघतात.