नर्सिंगनंतर एमबीए: लगेच, की आधी वॉर्ड?

आधी एक गोष्ट. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही नर्सिंगची पदविका. नुसत्या तिच्यावर एमबीएला प्रवेश नाही, पोस्ट बेसिक बीएस्सीसारखी (जीएनएमनंतर करायची नर्सिंगची पदवी) एखादी पदवी लागते. पुढचं सगळं चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग झालेल्यांसाठी.

लगेच केलं तर अभ्यासाची सवय मोडलेली नसते, सीईटी जड जात नाही. लग्नाचा विषयही दोन वर्षं पुढं ढकलता येतो (जळगाव-धुळ्याकडच्या मुलींना हे वेगळं सांगायला नको). पण जिनं नाइट ड्यूटी काढली नाही, तिनं लावलेला ड्यूटीचा तक्ता सिस्टर मनावर घेत नाहीत.

तीन-चार वर्षं काम करून गेलात, तर सलाइनचा साठा ऐन वेळी का संपतो, बिल कुठं अडतं, सकाळी सांगितलेल्या डिस्चार्जला संध्याकाळ का होते, हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. वर्गात मग मॅनेजमेंटचे धडे ओळखीचे वाटतात. फीसाठी वडिलांच्या कापसाच्या पैशाकडेही बघावं लागत नाही. नोकरी सोडायची नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमबीए दोन ते चार वर्षांत पुरं करता येतं. मात्र ड्यूटीवरून आल्यावर पुस्तक उघडवत नाही, हेही खरं.

मी वॉर्डाच्या बाजूची. सरकारी भरतीच हवी असेल, तर घाई कशाला? स्टाफ नर्सच्या पदाला एमबीए लागत नाही.