तीन टोकांची लाइन: डिस्टन्सवर भागवायचं की डिफरेन्शियल घ्यायचं?

चालू १३२ किंवा २२० केव्ही लाइनला मधेच टॅप काढून तिसरं सबस्टेशन जोडलं, की डिस्टन्स रिलेची (व्होल्टेज आणि करंटवरून ओहम मोजून फॉल्ट किती दूर आहे ते ठरवणारा संरक्षण रिले) जुनी सेटिंग पुन्हा तपासायलाच हवी. तिसऱ्या टोकाला सोर्स, म्हणजे फॉल्टला करंट पुरवणारं काही, असेल तर ती चालतच नाही.

आकडे घेऊ. ‘अ’ टोकापासून टॅपपर्यंत १० ओहम, टॅपपासून ‘ब’पर्यंत १०, ‘क’पर्यंत ४. ‘ब’च्या बसबारवर फॉल्ट झाला आणि ‘क’नेही ‘अ’इतकाच करंट दिला, तर टॅपच्या पुढे दुप्पट करंट वाहतो. ‘अ’ला २० ऐवजी ३० ओहम दिसतात. हाच इन्फीड. म्हणून झोन २ (अख्खी लाइन आणि थोडं पुढचं पाहून, थोडा वेळ थांबून ट्रिप करणारा टप्पा) ठेवायचा ३०च्या १२० टक्के, म्हणजे ३६. पण ‘क’ सुटलं की तोच झोन ‘ब’च्या पलीकडे १६ ओहम घुसतो. पुढची लाइन आखूड असेल तर तिच्या झोन २शी टक्कर होते आणि वेळ वाढवावी लागते. झोन १, म्हणजे न थांबता ट्रिप करणारा टप्पा, मात्र इन्फीड नाही असं धरून, जवळच्या टोकाच्या ८० टक्के: १४चे ११.२. टॅपच्या जेमतेम पुढे! ‘ब’कडची बहुतेक शाखा ‘अ’च्या झोन १बाहेरच राहते.

कॅरिअर (टोकांमधला सिग्नल) लावून परमिसिव्ह स्कीम केली, म्हणजे दुसऱ्या टोकांची परमिशन आली की लगेच ट्रिप, तर वेळ वाचते, पण तिन्ही टोकांना फॉल्ट पुढच्या दिशेला दिसायला हवा. ‘ब’ आणि ‘क’ बाहेरून भक्कम जोडलेले असतील तर ‘ब’जवळच्या फॉल्टला ‘क’मधून करंट बाहेरही पडू शकतो, आणि तिथून परमिशन येत नाही. सोलर प्रकल्पाच्या टॅपवर दुसरी अडचण. इन्व्हर्टर फॉल्टला रेटेड करंटपेक्षा थोडाच जास्त देतो, त्यामुळे ते टोक फॉल्ट ओळखेलच असं नाही. अशा कमजोर टोकालाही परमिशन देता यावी म्हणून वीक इन्फीड लॉजिक घ्यावंच लागतं.

डिफरेन्शियल तिन्ही टोकांच्या करंटची बेरीज पाहतं; ती शून्याच्या जवळ नसेल तर फॉल्ट लाइनवरच. इन्फीडचा प्रश्नच उरत नाही, व्होल्टेजही लागत नाही. त्याबदल्यात तिन्हीकडे एकमेकांशी जुळणारे रिले आणि खात्रीचं ऑप्टिकल फायबर हवं. तीनपैकी एक लिंक तुटली तरी बरेच रिले उरलेल्या दोनवर चालतात, दोन तुटल्या तर नाही. माझं मत स्पष्ट आहे: सोर्सवालं तिसरं टोक आणि फायबर असेल तर मुख्य संरक्षण डिफरेन्शियलच, डिस्टन्स बॅकअपला.

नुसता लोड असलेल्या टॅपला डिस्टन्स पुरतं. फक्त तिथला ट्रान्सफॉर्मर पाहा. लाइनच्या बाजूला अर्थ केलेला स्टार आणि दुसरीकडे डेल्टा असेल, तर सोर्स नसतानाही अर्थ फॉल्टला तो झिरो सिक्वेन्स करंट (तिन्ही फेजमध्ये एकाच दिशेने वाहून जमिनीतून परतणारा) देतो. तेव्हा अर्थ फॉल्टचा रीच, म्हणजे रिलेची पोहोच, वेगळा काढावा लागतो.