जीबी स्टुडिओ: गेमबॉयवर मराठी गेम करणाऱ्यांसाठी

गेमबॉयसाठी, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात मावणाऱ्या जुन्या गेम मशीनसाठी, स्वतःचा गेम करायचाय, पण असेंब्ली किंवा सी या प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला सवड नाही, तर जीबी स्टुडिओच घ्या. क्रिस मॉल्टबी यांनी २०१९ मध्ये आणलेलं हे मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. चित्रं टाका, पात्रं ठेवा, कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं ते जोडा, की खऱ्या मशीनवर चालणारी रॉम फाइल, म्हणजे तयार गेमची फाइल, हातात येते. पहिल्या गेमसाठी याहून सोपा रस्ता नाही.

अडतं ते टाइलपाशी, म्हणजे चित्र ज्या छोट्या चौकोनी तुकड्यांनी बनतं त्यांच्यापाशी. पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा, म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलच्या ३६० टाइल. पण एका सीनच्या (गेममधल्या एका दृश्याच्या) पार्श्वभूमीला वेगवेगळ्या टाइल मिळतात फक्त १९२. रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसचा फोटो चार छटांत उतरवून तसाच टाकलात, तर जवळजवळ प्रत्येक टाइल वेगळी निघते. सॉफ्टवेअर इशारा देतं. तो डावलला की चित्र विस्कटतं. म्हणून तळ्याचं पाणी दोन-तीन टाइलांत भागवा. कमान एकदाच काढा आणि ८ पिक्सेलच्या ग्रिडवर बसवत पुढे लावत जा. एक पिक्सेल जरी सरकली तरी त्या सगळ्या टाइल नव्या धरल्या जातात. चित्र लहान करताना कडा मऊ करणारा पर्याय बंद ठेवा, नाहीतर टाइल उगाच वाढतात. पूर्ण फोटो हवाच असेल तर 'लोगो' प्रकारचा सीन घ्या. तिथे १९२ ची अट नाही, मात्र पात्रं ठेवता येत नाहीत.

पात्रांचा हिशेब वेगळा. पात्रं स्प्राइटची, म्हणजे पार्श्वभूमीवर हलणाऱ्या छोट्या चित्रांची बनतात, आणि एका आडव्या ओळीत मशीन ८ पिक्सेल रुंदीचे १० स्प्राइटच दाखवतं. कुस्तीचा गेम घ्या. ३२ पिक्सेल रुंदीचे दोन पैलवान म्हणजे ८ स्प्राइट, १६ रुंदीचा पंच म्हणजे आणखी २. झाले १०. त्याच उंचीवर हलगीवाला उभा केलात की कुणाचा तरी भाग गायब होणार. त्याला वर सरकवा, आणि हौद्याभोवतीची गर्दी पार्श्वभूमीतच रंगवा. हलगीचा आवाज मात्र मस्त जमतो. मशीनच्या आवाजाच्या चार चॅनेलपैकी नॉइज (खरखरीच्या) चॅनेलवर अगदी आखूड ठोके टाका. जीबी स्टुडिओच्या आतल्या ट्रॅकरमध्येच, म्हणजे संगीत रचायच्या भागातच, होतं.

खरी उणीव मराठीची आहे, आणि आपल्याकडच्या पोरांसाठी गेम करायचा तर ती बोचते. संवादाचा फॉन्ट एका चौकटीत एक अक्षर असा चालतो. वेलांटी जुळवणं, जोडाक्षर बांधणं त्याला येत नाही. त्यामुळे मजकूर चित्र म्हणून काढावा लागतो. वरची मात्रा आणि खालचा उकार नीट वाचता यायला १६ पिक्सेल उंची धरा. पडदाभर रुंदीची एक ओळ म्हणजे ४० टाइलपर्यंत, चार ओळींत १६० संपल्या. तेव्हा संवादासाठी वेगळा, साध्या पार्श्वभूमीचा सीन करा आणि वाक्यं तुटक ठेवा. 'चीतपट!' एवढा एक शब्द पुरतो.

संगणकावर चालवून समाधान मानू नका. रॉम एक्सपोर्ट करून फ्लॅश कार्ट्रिजवर, म्हणजे आपली फाइल भरता येते अशा गेमच्या कॅसेटवर, टाका. कार्ट्रिज घेताना ते एमबीसी५ प्रकार (कार्ट्रिजमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या चिपचा एक प्रकार) चालवतं का, हे आधी विचारा. जीबी स्टुडिओ मुळात त्याच प्रकारची रॉम बनवतो. जुन्या गेमबॉयच्या हिरवट पडद्यावर मधल्या दोन छटा एकमेकींत मिसळतात, म्हणून पैलवान आणि माती शेजारच्या छटांत ठेवू नका. चालू केल्यावर निन्टेन्डोच्या लोगोच्या जागी काळी पट्टी आली तर बहुतेक वेळा गेमचा दोष नसतो, कार्ट्रिजच्या धातूच्या संपर्कपट्ट्या मळलेल्या असतात. फुंकर मारू नका, ओल बसते. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच कार्ट्रिज घाला.