करडई, शेंगदाणा, पामोलिन की खोबरेल? सोलापुरात घरचा साबण करताना तेलाची निवड आणि कॉस्टिकचा हिशोब

घरी साबण करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी सुगंध ठरवतात. तो सगळ्यात शेवटी ठरवला तरी चालतो. सोलापुरात आधी दोन गोष्टी बघा: आंघोळीचं पाणी कुठलं, आणि साबण वाळत ठेवणार ती खोली मे महिन्यात किती तापते. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बऱ्याच घरांत आंघोळ बोअरवर भागते. बोअरचं पाणी जड. बादलीला आणि शॉवरच्या जाळीला जो पांढरा थर धरतो, तो त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. हेच क्षार साबणाशी मिळून चिकट साका करतात, म्हणून फेस येत नाही. त्यात उन्हाळा चाळिशीच्या वर, म्हणजे लवकर खवट होणारं तेल साबणातही लवकरच खवट होणार. पुढची सगळी तुलना या दोन गोष्टी धरून आहे.

जड पाण्यात खोबरेलाला तोड नाही. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि त्याचा साबण समुद्राच्या पाण्यातही फेस देतो. वडी टणक होते, वर्षभर खवट होत नाही. दोष एकच, पण मोठा: हा साबण अंगावरचं तेल ओढून घेतो. आधीच कोरडी हवा, त्यात नुसत्या खोबरेलाचा साबण लावला तर पोटऱ्यांवर पांढऱ्या रेघा उठतात. म्हणून एकूण तेलात खोबरेल २५ ते ३० टक्के ठेवावं. कपड्यांचा साबण करायचा असेल तर मात्र शंभर टक्के खोबरेल घ्या, तिथे कोरडेपणाची तक्रार करणारं कोणी नाही.

आता करडई. आपल्या रब्बीचं पीक, घाण्यावर ताजं तेल मिळतं, त्यामुळे साबणही त्याचाच करावा असं वाटणं साहजिक आहे. माझं स्पष्ट मत: करडईचं तेल खायला ठेवा. नेहमीच्या करडईच्या तेलात तीन-चतुर्थांशाच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं. ते हवेशी लवकर बिघडतं. नुसत्या करडईची वडी मऊ राहते, ओल्या साबणदाणीत बुळबुळीत होते आणि उन्हाळ्यात तिच्यावर नारिंगी ठिपके उठून खवट वास सुटतो. साध्या सूर्यफुलाचंही तेच. अंगाला मऊ वाटावं म्हणून मिश्रणात १० टक्के घातलं तर बिघडत नाही, त्यापुढे जाऊ नका.

शेंगदाणा यापेक्षा बराच बरा. त्यात ओलिक आम्ल जास्त आणि लिनोलिक साधारण तिसरा हिस्सा, त्यामुळे ३० टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येतं. फेस मलईसारखा, पण कमी. घाण्याचं की रिफाइंड, यावर साबणवाल्यांत वाद होतात. माझ्या मते साबणात घाण्याचं तेल घालणं म्हणजे पैसे कॉस्टिकमध्ये (तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड) टाकणं. तेलाचा स्वाद आणि वास, ज्यासाठी आपण जास्त पैसे मोजतो, तो सोड्यापुढे टिकत नाही.

पामोलिनकडे लोक नाक मुरडतात. पण स्वस्त, टिकाऊ, वडीला घट्टपणा देणारं आणि कुठल्याही किराणा दुकानात मिळणारं दुसरं तेल मला तरी माहीत नाही. पामच्या लागवडीसाठी तिकडे जंगलं तोडली जातात, हा आक्षेप खरा आहे. तो ज्यांना पटतो त्यांनी शेंगदाणा वाढवावा आणि वडी जरा मऊ निघेल हे धरून चालावं. एरंडेल ५ टक्के घाला, फेस टिकतो. त्याहून जास्त घातलं तर वडी चिकट होते. ऑलिव्हबद्दल थोडक्यात: महाग, वाळायला महिनोन् महिने, आणि जड पाण्यात फेसाऐवजी चिकट तार. इथे त्याचा हट्ट धरू नये.

दोन बाटल्यांपासून मात्र लांबच राहा. एक, सुगंधी केशतेल: अशा कित्येक तेलांत लिक्विड पॅराफिन (खनिज तेल) असतं आणि त्याचा साबण होतच नाही. दुसरं, वनस्पती तूप: त्यात कुठली तेलं किती, हे कळल्याशिवाय सोड्याचा हिशोब मांडता येत नाही.

हा हिशोब म्हणजे या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक सोडा वेगळा असतो:

| तेल | १०० ग्रॅम तेलाला कॉस्टिक सोडा | जड पाण्यात फेस | उन्हाळ्यात टिकणं |
|---|---|---|---|
| खोबरेल | १८.३ ग्रॅम | भरपूर | उत्तम |
| पामोलिन | १४.१ ग्रॅम | मध्यम | चांगलं |
| शेंगदाणा | १३.६ ग्रॅम | कमी | बरं |
| करडई | १३.६ ग्रॅम | कमी | वाईट |
| सूर्यफूल | १३.५ ग्रॅम | कमी | वाईट |
| एरंडेल | १२.८ ग्रॅम | दुसऱ्याचा फेस टिकवतं | चांगलं |

पहिल्यांदाच करणाऱ्याला मी हे मिश्रण सुचवीन: खोबरेल १५० ग्रॅम, पामोलिन १७५, शेंगदाणा १५०, एरंडेल २५. एकूण ५००. सोडा अनुक्रमे २७.४५, २४.६८, २०.४ आणि ३.२, म्हणजे ७५.७ ग्रॅम. एवढा पूर्ण घालायचा नाही. ५ टक्के कमी केला की ७१.९ उरतो, ही सूट म्हणजेच सुपरफॅट. तेल दरवेळी थोडं वेगळं असतं, वजनातही थोडं इकडेतिकडे होतं, ते या सुटीत खपतं आणि थोडं तेल अंगासाठी शिल्लक राहतं. पाणी सोड्याच्या दुप्पट, १४४ ग्रॅम, आणि ते आरओचं किंवा डिस्टिल्ड, बोअरचं नको.

कृती उतरवून घ्यावी, हाताने हिशोब करावा की इंटरनेटवरचा कॅल्क्युलेटर वापरावा? नुसती उतरवलेली कृती सगळ्यात धोक्याची, कारण आपण त्यात घरी असेल तसा बदल करतो. समजा वरच्या मिश्रणात खोबरेल संपलं म्हणून तेवढाच शेंगदाणा घातला आणि सोडा तोच ठेवला. आता लागणारा सोडा ६८.७ ग्रॅम, घातला ७१.९. तीन ग्रॅमहून जास्त मोकळं कॉस्टिक वडीत राहिलं, आणि ते कातडीला पोळणार. कॅल्क्युलेटर सोयीचा, पण त्यात सोडियम हायड्रॉक्साइड निवडलंय की पोटॅशियम, हे बघा. तेलाच्या प्रयोगशाळेतले आकडे पोटॅशियमचे असतात: खोबरेलाचा २५७ दिसला तर १००० ने भागून ०.७१३ ने गुणा, ०.१८३ येतो, म्हणजे १ ग्रॅम तेलाला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा. मी दोन्ही करायला सांगेन, आधी कागदावर, मग कॅल्क्युलेटरवर. दोन्हीकडे एकच आकडा आला की मगच पुडा फोडा.

वजनकाटा एक ग्रॅम दाखवणारा हवा. पाच ग्रॅमची चूक झाली तर वरच्या हिशोबातली सगळी सूट संपते आणि उलट मोकळा सोडा उरतो. म्हणूनच पहिला घाणा ५०० ग्रॅम तेलापेक्षा लहान नको.

सोलापुरात कापड आणि रंगाईचा धंदा असल्याने कॉस्टिक फ्लेक्स मिळायला अडचण नाही. मात्र ते बंद डब्यातलेच घ्या. उघडं पोतं हवेतली ओल ओढून घेतं आणि त्याचा जोर कमी होतो. तुंबलेलं गटार मोकळं करायची पावडर कॉस्टिक म्हणून वापरू नका, तिच्यात इतरही काही असू शकतं. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. भांडं स्टीलचं. जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) पातेल्याला कॉस्टिक खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. चष्मा आणि हातमोजे लागतातच. अंगावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नका, वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा.

जड पाण्यासाठी अजून एक उपाय आहे, तो तेलाच्या निवडीइतकाच कामाचा वाटतो: ५०० ग्रॅम तेलाला १० ग्रॅम लिंबूसत्व, आधी त्याच पाण्यात विरघळवून. त्याचं सोडियम सायट्रेट होतं आणि ते क्षारांना धरून ठेवतं, साका कमी होतो. पण लिंबूसत्वही सोडा खातं, १० ग्रॅमला सुमारे ६ ग्रॅम. तेवढा हिशोबात वाढवायचा, म्हणजे ७१.९ चे ७७.९. हा वाढीव सोडा विसरलात तर साबण तेलकट आणि मऊ निघेल.

हंगामही बघा. मे महिन्यात सोड्याचं पाणी तापून ऐंशी अंशांपार जातं आणि निवायला तास घेतं. त्यासाठी थंडगार पाणी घ्या आणि तेल-पाणी दोन्ही चाळीसच्या आसपास आल्यावर एकत्र करा. साचा अजिबात झाकू नका, आतून तापून वडीला वर भेग पडते. डिसेंबरात उलट: खोबरेल डब्यात गोठलेलं असतं, ते वितळवून घ्यायचं आणि साचा सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवायचा. दोन्ही वेळी वड्या कापून चार ते सहा आठवडे मोकळ्या हवेत, उन्हाबाहेर वाळू द्या. कोरड्या हवेमुळे इथे ते लवकर होतं. पावसाळ्यात मात्र वडीवर घामासारखे थेंब दिसले तर घाबरू नका, ग्लिसरीन हवेतली ओल ओढतंय.