ऑफिसच्या प्रॉक्सीमागे क्यूजीआयएस : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने क्यूजीआयएस ३.३४ हे नकाशांचं सॉफ्टवेअर माझ्या मशीनवर रोज सहा-सात तास उघडं असतं. नकाशे काढण्यात ते किती चांगलं आहे यावर भरपूर लिहिलं गेलंय, त्यात मी भर घालत नाही. माझे पहिले दोन-तीन महिने ज्यात गेले तेवढंच सांगते. आमच्याकडे बाहेरचं सगळं इंटरनेट प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमधून, जातं आणि ती प्रॉक्सी प्रत्येक वेळी युजरनेम-पासवर्ड मागते.

पहिल्याच दिवशी ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा बेसमॅप (पाठीमागचा तयार नकाशा) जोडला आणि कॅनव्हास, म्हणजे नकाशा दिसायची जागा, पांढराफटक राहिला. त्याच नकाशाची टाइल, म्हणजे चौकोनी तुकडा, ब्राउझरमध्ये मात्र चटकन उघडत होती, म्हणून मी सगळा दोष सॉफ्टवेअरला दिला आणि ते काढून पुन्हा टाकलं. उपयोग शून्य. ब्राउझर विंडोजच्या लॉगिनवर गुपचूप प्रॉक्सीतून जातो, क्यूजीआयएसला ते आपोआप जमेलच असं नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मला वाट दाखवली ती एफ-१२ या बटणाने. ते दाबलं की डेव्हलपमेंट टूल्सचं पॅनल उघडतं आणि त्यात नेटवर्क लॉगर असतो. रेकॉर्डिंग चालू करून नकाशा थोडा सरकवायचा, की प्रत्येक टाइलची विनंती एकेका ओळीत दिसायला लागते. ओळ उघडली की उत्तराचा कोड दिसतो. माझ्याकडे ओळीने ४०७, ४०७, ४०७. हा आकडा नीट वाचा, कारण पुढची निम्मी डोकेदुखी त्यानेच वाचते. ४०७ म्हणजे प्रॉक्सी तुमची ओळख मागतेय. ४०१ म्हणजे प्रॉक्सी पार झाली, आता नकाशाचा सर्व्हर पासवर्ड मागतोय. ४०३ आला तर ओळखीचा प्रश्न नाही, परवानगी नाकारली गेलीय. ती प्रॉक्सीने नाकारली की पलीकडच्या सर्व्हरने, हे उत्तराचा मजकूर वाचून कळतं. आणि कोडच न येता विनंती बराच वेळ लटकत असेल, तर बहुधा प्रॉक्सीचा पत्ता (होस्ट) किंवा पोर्टचा क्रमांक चुकलाय. विनंतीची मुदत मुळात ६० सेकंदांची असते, त्यामुळे ही चूक कळायलाच मिनिटभर जातं.

सेटिंग्ज, ऑप्शन्स, नेटवर्क असं गेलं की प्रॉक्सीची चौकट सापडते. प्रकार एचटीटीपी प्रॉक्सी, मग होस्ट, पोर्ट आणि ओळख. आमच्याकडे युजरनेमच्या आधी डोमेनचं नाव आणि उलटी तिरकी रेघ लावल्यावरच चाललं. ओळख द्यायचे दोन मार्ग आहेत. बेसिक रकान्यात भरलेला पासवर्ड प्रोफाइलच्या सेटिंग्ज फाइलमध्ये उघडा पडून राहतो. कोणीही ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचू शकतं, म्हणून सामायिक मशीनवर तो मार्ग अजिबात वापरू नका. दुसरा मार्ग ऑथेंटिकेशन कॉन्फिगरेशनचा. त्यात पासवर्ड कुलूपबंद डेटाबेसमध्ये जातो. मात्र मग सुरू होताना क्यूजीआयएस मास्टर पासवर्ड विचारतं. तो विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ठेवायची सोय आहे, ती चालू केली की रोजची कटकट संपते.

त्याच पानावर प्रॉक्सीतून वगळायच्या पत्त्यांची यादी आहे. आमचा नकाशा-सर्व्हर आतल्याच नेटवर्कवर असल्याने मी तिथे त्याचं नुसतं नाव टाकलं, आणि तरीही विनंत्या प्रॉक्सीकडेच जात राहिल्या. पत्ता सुरुवातीपासून जुळावा लागतो, म्हणजे एचटीटीपी आणि दोन तिरक्या रेघांसकट लिहावा लागतो. एवढं कळायला माझा एक अख्खा दिवस गेला. पोस्टजीआयएसचा (नकाशांच्या माहितीच्या डेटाबेसचा) मात्र या सगळ्याशी काही संबंध नाही. ते ५४३२ पोर्टवर थेट बोलतं, तिथे अडलं तर फायरवॉलकडे बघा.

एवढं झाल्यावर नकाशे दिसायला लागले, आणि मग एक प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) अडलं. तेव्हा कळलं की क्यूजीआयएसमधून बाहेर जायची दारं एकाहून जास्त आहेत. नेटवर्कच्या पानावरची सेटिंग क्यूजीआयएसच्या स्वतःच्या नेटवर्क मॅनेजरला लागू होते. टाइल्स, डब्ल्यूएमएस (सर्व्हरवरून मागवलेले तयार नकाशे), प्लगइनची यादी हे सगळं त्यातून जातं. पण एखाद्या प्लगइनच्या लेखकाने पायथॉन भाषेतली, वेबवर विनंत्या पाठवणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी थेट वापरली असेल, तर ते प्लगइन तुमची सेटिंग बघतच नाही. ओएसजीओ-फोर-डब्ल्यू शेल या कमांड लिहायच्या खिडकीतून चालवलेली जीडॅलची (नकाशांच्या फाइली हाताळणाऱ्या लायब्ररीची) कमांडही बघत नाही. पायथॉनच्या लायब्ररी उतरवणारं पिपसुद्धा नाही. यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सिस्टिमकडून प्रोग्रॅमला मिळणाऱ्या नोंदी, लागतात, आणि क्यूजीआयएसच्या आतल्या पायथॉनपुरते ते ऑप्शन्समधल्या सिस्टिमच्या पानावरही भरता येतात. भरून पुन्हा सुरू करायचं. तिथे पासवर्ड प्रॉक्सीच्या पत्त्यातच लिहावा लागतो, त्यामुळे पासवर्डमध्ये ॲट-चिन्ह असेल तर त्याजागी टक्केचिन्ह आणि ४० लिहा, नाहीतर पत्त्याचे तुकडे भलत्याच ठिकाणी पडतात. हा पासवर्डही उघडाच राहतो, आणि याला माझ्याकडे चांगला पर्याय नाही. जीडॅलला प्रॉक्सीचा पत्ता, पासवर्ड आणि ओळखीची पद्धत, म्हणजे विंडोजची एनटीएलएम वगैरे, वेगवेगळी सांगता येते.

यानंतरही ते प्लगइन सर्टिफिकेटच्या (साइटच्या ओळखीच्या डिजिटल दाखल्याच्या) चुकीवर अडून बसलं. आमची प्रॉक्सी एचटीटीपीएसची वाहतूक उघडून तपासते आणि पुढे ऑफिसचं स्वतःचं सर्टिफिकेट लावते. विंडोज त्यावर विश्वास ठेवतं म्हणून नकाशे चालतात, पण पायथॉनची लायब्ररी आपली वेगळी यादी बाळगते. नेटवर्क विभागाकडून मूळ सर्टिफिकेटची फाइल मागून घेतली, रिक्वेस्ट्सला तिचा मार्ग दाखवला आणि काम झालं. सर्टिफिकेटची तपासणीच बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो, तो कृपया मानू नका.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो पासवर्ड बदलल्यावर. तिसऱ्या महिन्यात मुदत संपली म्हणून सकाळी पासवर्ड बदलला, क्यूजीआयएस उघडलं, प्रोजेक्ट लोड झालं आणि पाच मिनिटांत माझं खातं बंद. मेल गेली, सामायिक फोल्डरही गेलं. नेटवर्कचे सहकारी म्हणाले, "मॅडम, तुमच्या मशीनवरून चुकीच्या पासवर्डचा भडिमार होतोय." कारण साधं होतं. एक टाइल २५६ बाय २५६ पिक्सेलची असते, म्हणजे पूर्ण स्क्रीनच्या नकाशाला चाळीसेक टाइल्स लागतात. त्या सगळ्या विनंत्या जुना पासवर्ड घेऊन निघाल्या होत्या, आणि काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद करायचा आमच्याकडे नियम आहे.

नुसतं प्रोजेक्ट न उघडणंही पुरत नाही. सुरू होतानाच क्यूजीआयएस नवी आवृत्ती तपासतं, बातम्या आणतं, प्लगइनचे अपडेट बघतं. मी तिन्ही बंद केलेत. त्याने सुरू व्हायचा वेळही डोळ्यात भरण्याइतका कमी झाला, म्हणून प्रॉक्सीमागे असणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी करायला सांगते.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत चांगलंच आहे. ओळखीच्या साठवणीचा इतका नीट विचार केलेलं दुसरं डेस्कटॉप सॉफ्टवेअर मी वापरलेलं नाही, आणि नेटवर्क लॉगर तर अनमोल आहे. एक तक्रार मात्र मनापासून आहे. टाइल्स ४०७ वर अडत असतील तर ते कॅनव्हासवर ठळकपणे सांगायला हवं. एफ-१२ पर्यंत पोहोचायच्या आधीच नवा माणूस हात टेकतो.

आता पासवर्ड बदलायच्या दिवशी मी आधी क्यूजीआयएस बंद करते. बदलून झाल्यावर रिकाम्या प्रोजेक्टने उघडते, खालच्या पट्टीतली रेंडरची (नकाशा रंगवायची) खूण पुसते, ऑथेंटिकेशन कॉन्फिगरेशन आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दोन्हीकडे नवा पासवर्ड भरते आणि पुन्हा सुरू करते. मग लॉगर लावून एकच बेसमॅप जोडते. २००, म्हणजे विनंती यशस्वी, दिसला की नेहमीचं प्रोजेक्ट उघडते. त्यानंतर खातं एकदाही बंद पडलेलं नाही.