रात्रीच्या लाँग एक्स्पोजरसाठी गॉसेन लुनासिक्स ३

रात्री फिल्मवर फोटो काढायचे आणि प्रकाश मोजायला हातात धरायचा जुना मीटर घ्यायचा, तर गॉसेन कंपनीचा लुनासिक्स ३ घ्यावा. मात्र बॅटरीचे लाड पुरवायची तयारी हवी. अमेरिकेत हाच मीटर लुना-प्रो नावाने विकला गेला. आयएसओ १०० ला (फिल्मची संवेदनशीलता) तो उणे ४ ईव्हीपर्यंत उतरतो (ईव्ही म्हणजे प्रकाशाची पातळी; एक ईव्ही कमी म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्यातलं माळरानही मोजतो. सेकॉनिकचा एल-३०८ मीटर शून्य ईव्हीलाच हात टेकतो. शिवाय लुनासिक्सच्या डायलवर एक्स्पोजरची वेळ थेट ८ तासांपर्यंत छापलेली आहे.

प्रकाश टिपणारा आतला सेल कॅडमियम सल्फाइडचा, आणि अंधारात तो भलताच संथ. कमी प्रकाशाच्या रेंजवर बटण दाबून सुई पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवा; घाईत बटण सोडलं तर रीडिंग चुकणारच. या सेलला आधीच्या उजेडाची आठवणही राहते. नुकताच टॉर्चचा झोत पडलेला असेल तर काही मिनिटं तो जास्त प्रकाश दाखवतो आणि निगेटिव्ह पातळ येते. म्हणून मोजण्याआधी मीटर केसमध्येच ठेवा. बटण सोडल्यावर सुई जागीच अडकते, टॉर्च लावून आकडा वाचायचा तो तेव्हा.

परावर्तित प्रकाश तो सुमारे ३० अंशांत मोजतो. त्या कोनात रस्त्यावरचा एक दिवा आला तरी सुई वर पळते, तेव्हा मीटर फुटपाथकडे झुकवा. सुई हलतच नसेल तर त्याच उजेडात पांढरा कागद मोजा आणि आलेली वेळ पाचपट करा.

डायलवरची वेळ अंतिम समजू नका. लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून वेळ वाढवावी लागते; या रेसिप्रॉसिटीचा हिशेब मीटर करत नाही, तो आपणच करायचा. इल्फर्डच्या सूत्रात मोजलेल्या सेकंदांचा घातांक त्यांच्या एचपी५ प्लस फिल्मसाठी १.३१ आहे: १० सेकंदांचे २०, ३० चे ८६. फुजीच्या अॅक्रॉस २ फिल्मला १२० सेकंदांपर्यंत काहीच वाढवावं लागत नाही.

आता बॅटरी. मूळच्या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या दोन बॅटऱ्या आता मिळत नाहीत. १.५ व्होल्टच्या अल्कलाइन घालू नका: व्होल्टेज जास्त, शिवाय वापराबरोबर घसरत जातं, त्यामुळे चूकही रोज वेगळी. एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर हा खात्रीचा उपाय. श्रवणयंत्राचे ६७५ नंबरचे झिंक-एअर सेल स्वस्त पडतात, पण स्टिकर काढला की थोड्याच आठवड्यांत संपतात.

विकत घेताना बॅटरीचा कप्पा उघडून हिरवा गंज आहे का पाहा, आणि कमी व जास्त प्रकाशाच्या दोन्ही रेंज डिजिटल कॅमेऱ्याशी ताडून घ्या. उन्हात बरोबर दाखवणारा मीटर कमी प्रकाशात दोन स्टॉप, म्हणजे चौपट, चुकू शकतो.